शून्य लावून जिंकलेली जोडी: ठाण्यातल्या एका प्रश्नमंजुषेचं प्रकरण

पार्श्वभूमी

घोडबंदर रोडवरच्या आमच्या गृहसंकुलात गणपतीच्या चौथ्या दिवशी रात्री प्रश्नमंजुषा होते. साडेसातची आरती आटोपली, प्रसाद वाटून झाला की मांडवात खुर्च्या लागतात आणि नऊपर्यंत दीडेकशे माणसं जमतात. प्रश्न काढणं, ते दोन ठिकाणी पडताळून घेणं आणि फळ्यावर गुण मांडणं हे काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. मला ते मनापासून आवडतं, म्हणूनच एका वर्षी जे झालं ते नीट लिहून ठेवते आहे. माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे मात्र त्या रात्रीच्या गुणपत्रिकेतलेच आहेत.

आधी आमचा खेळ साधा होता. एक जोडी अर्ध्या वाटेतच पुढे निघून जायची आणि शेवटच्या वीस मिनिटांत लोक उठून घरी जायला लागायचे. त्यावर उपाय म्हणून मी अमेरिकेतल्या ‘जेपर्डी’ या कार्यक्रमाची शेवटची फेरी उचलली.

आपल्याकडे टीव्हीवरची प्रश्नमंजुषा म्हटलं की २००० साली सुरू झालेलं ‘कौन बनेगा करोडपती’ डोळ्यांसमोर येतं. तिथे माणूस एकटा खेळतो. समोर प्रश्न, हातात जिंकलेली रक्कम, आणि ठरवायचं एवढंच की उत्तर द्यायचं का खेळ सोडायचा. ‘जेपर्डी’त तिघं एकमेकांविरुद्ध असतात. मर्व्ह ग्रिफिन यांनी हा कार्यक्रम १९६४ मध्ये आणला, आणि सध्याचा दैनंदिन कार्यक्रम १९८४ पासून चालू आहे. शेवटी एकच प्रश्न असतो. आधी फक्त विषय सांगतात. विषय ऐकून प्रत्येकाने आपल्या कमाईतले किती पणाला लावणार ते गुपचूप लिहायचं. मग प्रश्न येतो, उत्तराला तीस सेकंद. बरोबर आलं तर तेवढे वाढतात, चुकलं तर तेवढे जातात. ज्याच्याकडे सर्वांत जास्त उरले तो जिंकला, आणि खेळात कमावलेली रक्कम फक्त त्यालाच मिळते.

कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठांनी सुरुवातीला हरकत घेतली होती: “बाप्पासमोर पैजा लावायच्या म्हणजे जुगारच की हो.” त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही. पैसे कुठेच नाहीत, फक्त गुण आहेत, बक्षीस म्हणून फिरता चषक आणि वाचनालयाची वर्षाची वर्गणी, हे त्यांना कागदावर लिहून दाखवलं. ‘पैज’ हा शब्द काढून ‘निकालाचा डाव’ असं नाव दिलं. मग ते तयार झाले.

नियम असे: गुण ५० च्या पटीत लावायचे, शून्य लावलेलं चालेल, बरोबरी झाली तर जादा प्रश्न. शेवटचा नियम मी मुद्दाम घातला. १६ मार्च २००७ च्या ‘जेपर्डी’त तिघेही १६,००० डॉलरवर थांबले होते आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे तिघेही विजेते ठरले होते. आमच्याकडे चषक एकच आहे.

शेवटच्या फेरीआधी

तीन जोड्या उरल्या होत्या. पहिली आबा आणि त्यांची नववीतली नात. आबा बँकेतून निवृत्त झालेले, वाचन दांडगं. मधल्या फेऱ्यांत दोन ‘लपलेले डाव’ असतात, तिथेही हवे तेवढे गुण लावता येतात. आबांच्या जोडीला दोन्ही मिळाले, दोन्ही वेळा त्यांनी होते नव्हते ते सगळे लावले आणि दोन्ही वेळा उत्तर बरोबर आलं. मांडव डोक्यावर घेतला होता लोकांनी. दुसरी जोडी बी विंगमधल्या दोघी जावांची, म्हणून सगळे त्यांना ‘वहिनींची जोडी’ म्हणत होते. तिसरी अभियांत्रिकीला असलेली दोन मुलं.

फळ्यावर आकडे होते: आबा आणि नात १,८००, वहिनी १,३००, मुलं ७००.

फळ्याच्या कोपऱ्यात आणखी एक आकडा होता, ३,४००. तो आदल्या वर्षीचा सर्वोच्च गुणांचा विक्रम. रंगीत खडूने चौकट करून तो मीच लिहिला होता.

अडचण कुठे होती

मी विषय जाहीर केला: ‘मुंबईची रेल्वे’. आणि सगळे विचार करत असताना माईकवर एक वाक्य बोलले, “ठाणेकरांना सोपा जाईल हा.” उत्साहाच्या भरात बोलले. पुढे झालेल्या वादाचं मूळ त्या वाक्यात होतं.

लिहायला वेळ दिला दोन मिनिटं. सोसायटीच्या जुन्या नोटिसांचे पाठकोरे कागद आणि एक एक पेन. बेरीज-वजाबाकीसाठी वेगळा कागद नव्हता. मागून लोक ओरडत होते, “आबा, लावा सगळे!”

प्रश्न असा होता: ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातली विजेवर चालणारी पहिली प्रवासी गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून निघाली. ती कोणत्या स्थानकापर्यंत गेली?

कोणापुढे काय पर्याय होते

इथे सावकाश जायला हवं, कारण या फेरीत उत्तर येतं का नाही यापेक्षा आकडा कसा ठरवला याला महत्त्व जास्त आहे. आपल्याला उत्तर येईल असं धरून आकडा लिहिला की माणूस फसतो. आपलं उत्तर चुकलं तर हातात काय उरेल आणि तेव्हा बाकीच्यांकडे काय असेल, हे आधी बघायचं असतं.

आबांच्या जोडीचं गणित सर्वांत सोपं होतं. वहिनींनी सगळे लावले आणि उत्तर बरोबर आलं तर त्या २,६०० वर जाणार. म्हणजे आबांना किमान ८५० लावायला हवेत. बरोबर आलं की २,६५०. चुकलं तर ९५० उरतात. मुलांकडे आधीपासून ७०० होते, म्हणजे स्वतःचं उत्तर चुकल्यावरही त्या ७०० च्या वर राहायचं तर १,०५० हून जास्त लावायचे नाहीत. थोडक्यात ८५० ते १,०५० हा आबांचा पट्टा. त्याच्या वर गेल्याने विजय पक्का होत नव्हता, फक्त विक्रम जवळ येत होता.

वहिनींचं गणित नाजूक होतं, आणि माझ्या मते या प्रकरणात शिकण्यासारखं सर्वांत जास्त तिथेच आहे. मनात सहज येतं की समोर १,८०० आहेत, त्यांना गाठायचं तर सगळे लावले पाहिजेत. पण आबांनी हिशेबाने खेळून ८५० लावले आणि त्यांचं उत्तर बरोबर आलं, तर वहिनींनी काहीही केलं तरी त्या हरणारच. म्हणजे त्यांची खरी संधी आबा चुकले तरच. आणि आबा चुकले तर ९५० वर येणार. मग वहिनींनी १५० ते ३०० च्या मध्ये लावावेत. बरोबर आलं तर किमान १,४५०, म्हणजे मुलांच्या दुपटीच्या, १,४०० च्या वर. चुकलं तरी किमान १,०००, म्हणजे आबांच्या ९५० च्या वर.

याचं टीव्हीवरचं सर्वांत गाजलेलं उदाहरण ३ जून २०१९ चं. जेम्स होल्झहॉर सलग ३२ सामने जिंकून आला होता, एका सामन्यात १,३१,१२७ डॉलर मिळवण्याचा विक्रम त्याच्या नावावर होता, आणि मोठमोठ्या रकमा लावण्यासाठीच तो ओळखला जात होता. त्या दिवशी शेवटच्या फेरीआधी तो दुसरा होता: एमा बेचर २६,६००, जेम्स २३,४००, तिसरा स्पर्धक ११,०००. जेम्सने लावले फक्त १,३९९. बघणारे चकित झाले, कोणाला वाटलं त्याने मुद्दाम सामना सोडला. पण वजाबाकी करून बघा: चुकला असता तर त्याच्याकडे २२,००१ उरले असते, तिसऱ्याच्या दुपटीपेक्षा बरोबर एक डॉलर जास्त. एमाने त्याच्या दुपटीला मागे टाकण्यासाठी २०,२०१ लावले होते; ती चुकली असती तर ६,३९९ वर आली असती. म्हणजे एमा चुकली की जेम्स जिंकणार, मग त्याचं स्वतःचं उत्तर काहीही असो. तिचं उत्तर बरोबर आलं, ती ४६,८०१ वर गेली, जेम्स २४,७९९ वर हरला. हरूनही त्याचा आकडा अचूक होता.

मुलांपुढचा पेच निराळा होता. ७०० ची दुप्पट १,४००, म्हणजे पुढच्या जोड्या हिशेबाने खेळल्या तर मुलांना स्वतःचं उत्तर बरोबर येणं आणि दोघांचीही चुकणं असं सगळंच जुळून यायला हवं होतं. त्या हिशेबाने ५०० च्या आसपास लावणं योग्य ठरतं. दुसरा रस्ता असा की पुढचे दोघे सगळे लावतील असं धरायचं, दोघेही चुकतील अशी आशा ठेवायची आणि आपण हललोच नाही तर उरू.

प्रत्यक्षात काय झालं

मी कमी गुणांकडून वर जात कागद उघडले. मुलांचं उत्तर ‘ठाणे’. चूक. मांडवात कुजबुज सुरू झाली, कारण बहुतेकांच्या मनातही ठाणेच होतं. त्यांनी किती लावले होते? कागदावर ५०० लिहून त्यावर आडवी रेघ मारली होती आणि खाली गोल करून शून्य. म्हणजे ७०० तसेच.

वहिनींचंही ‘ठाणे’. लावले १,३००. शून्य.

आबांचा कागद नातीच्या अक्षरात होता. ‘ठाणे’, आणि खाली १,८००, त्याखाली दोन रेघा ओढलेल्या. तेही शून्य. तिन्ही उत्तरं चुकलेली आणि मुलं जिंकली.

उत्तर कुर्ला. पहिली विजेची गाडी हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत धावली, १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. ठाण्याला आली ती १६ एप्रिल १८५३ ची पहिली प्रवासी गाडी, बोरीबंदरहून, चौदा डबे, चारेकशे पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. ही गोष्ट ठाण्यातल्या प्रत्येक मुलाला तोंडपाठ असते, आणि ‘रेल्वे’ व ‘पहिली’ हे दोन शब्द एकत्र ऐकले की हात आपोआप ठाणे लिहितो. प्रश्न काढताना मला हे कळत होतं. तिघांचीही चूक एकाच दिशेने होईल, एवढा पुढचा विचार मात्र मी केला नव्हता.

मुलांनी तो केला होता. नंतर त्यातला एकजण मला म्हणाला, “काकू, आबा दोन्ही डावांत सगळं लावून खेळले, ते आता हात आखडणार नाहीत. आणि त्यांना येणार नाही असा प्रश्न असला तर आम्हाला तरी कुठून येणार?” हा विचार मला फार मोलाचा वाटतो. अवघड प्रश्न एकेकट्याला पाडत नाही, सगळ्यांना एकदम पाडतो. जानेवारी २०१६ मध्ये ‘जेपर्डी’च्याच एका सामन्यात तिघांनी सगळं लावलं, तिघेही चुकले, तिघेही शून्यावर आले आणि त्या दिवशी विजेताच नव्हता. त्या तिघांतल्या एकाने एक डॉलर जरी मागे ठेवला असता तरी तो जिंकला असता.

वाद आणि निर्णय

पहिला आवाज मागच्या रांगेतून आला, “उत्तर चुकलेला जिंकतो कसा?” मग दुसरा, जास्त बोचणारा, “ताई, तुम्हीच म्हणालात ठाणेकरांना सोपा जाईल!” नात स्टेजच्या पायरीवर बसून रडत होती. आबा काही बोलत नव्हते, चष्मा पुसत होते.

कार्यकारिणीच्या तिघांना घेऊन मी मांडवाच्या मागे गेले. दहा मिनिटं बोलणं झालं. एक मत असं की नवा प्रश्न विचारावा, तिघांनाही पुन्हा संधी. दुसरं असं की कोणालाच उत्तर आलं नाही तर फेरी बाद धरावी आणि आबांची जोडी विजेती ठरवावी. तिसरं, नियमाप्रमाणे मुलांना चषक द्यावा.

दुसरं मत लोकांना पटलं असतं. आबांबद्दल सगळ्यांना आदर आहे, आणि कार्यक्रम त्यांनीच गाजवला होता. पण फेरी बाद धरायची तर मुलांनी ज्या विचाराने शून्य लिहिलं तो विचार आपण मागाहून पुसतो आहोत, हे मला मान्य होईना. मी तिसऱ्या पर्यायावर ठाम राहिले.

माझ्या बाजूला दोन उणिवा होत्या आणि त्या मी माईकवर बोलून दाखवल्या. एक, सगळ्यांचंच उत्तर चुकलं तर काय, हे मी आधी स्पष्ट सांगितलं नव्हतं. नियमांतून ते निघतं, पण खेळणाऱ्याला ते ऐकू यायला हवं. दोन, सोपा जाईल हे वाक्य मी बोलायला नको होतं. त्याबद्दल आबांची आणि वहिनींची सर्वांसमोर माफी मागितली. तेच वाक्य मुलांनीही ऐकलं होतं आणि तरी शून्य लिहिलं, म्हणून निकाल बदलला नाही.

आबा उठले, मुलांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “पोरांनो, आम्ही प्रश्नाशी खेळलो, तुम्ही आमच्याशी खेळलात.” त्यानंतर कोणी काही बोललं नाही.

नंतर

दुसऱ्या दिवशी दुपारी नात माझ्या घरी आली, हातात वही. “काकू, मी किती लावायला हवे होते?” तिला मी कोष्टक काढायला लावलं: आपलं बरोबर आणि चूक, वहिनींचं बरोबर आणि चूक, मुलांचं बरोबर आणि चूक, एकूण आठ ओळी. ८५० या आकड्याशी ती स्वतःच पोचली. मग शांतपणे म्हणाली, “म्हणजे आमचं उत्तर चुकूनसुद्धा आम्ही जिंकलो असतो.” ९५० विरुद्ध ७००. ते खरंच होतं. त्या रात्री वहिनींनीही ३०० लावले असते तर १,००० वर राहून त्या जिंकल्या असत्या.

मी विचारलं, १,८०० का लिहिलेस? तिने फळ्यावरच्या चौकटीचं नाव घेतलं. ३,६०० झाले असते तर विक्रम मोडला असता.

नीट लावूनही हरता येतं हेही तिला सांगणं भाग होतं, म्हणून ३० नोव्हेंबर २००४ चा सामना काढला. केन जेनिंग्ज सलग ७४ सामने जिंकून आला होता. त्याच्याकडे १४,४००, नॅन्सी झर्गकडे १०,०००. केनने ५,६०१ लावले, म्हणजे बरोबर आलं असतं तर २०,००१, नॅन्सीच्या दुपटीपेक्षा एक जास्त. अगदी पुस्तकी आकडा. प्रश्न एका कंपनीचा होता, जिचे हंगामी कर्मचारी वर्षात चारच महिने काम करतात. केनने फेडएक्स लिहिलं, उत्तर होतं करविवरणं भरून देणारी एच अँड आर ब्लॉक. तो ८,७९९ वर आला. नॅन्सीने ४,४०१ लावले होते, तिचं उत्तर बरोबर आलं आणि ती १४,४०१ वर गेली. केनच्या आधीच्या आकड्याच्या एकच डॉलर पुढे, म्हणजे त्याने शून्य लावलं असतं तरी ती त्याला मागे टाकणार होती. नातीने हे सगळं वहीत उतरवून घेतलं.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत मोठी चूक विक्रमाची चौकट. जिंकण्यासाठी एक आकडा योग्य आणि विक्रमासाठी दुसरा, असं दुहेरी आमिष मी समोर टांगलं होतं. एका नववीतल्या मुलीने त्यातलं चकचकीत आमिष धरलं यात तिचा दोष मला कमी वाटतो. आता विक्रम फळ्यावर नसतो.

वेळ दोन मिनिटांऐवजी चार केला. हिशेबाला कोरा कागद देते. विषय सांगितल्यावर मी एक शब्द बोलत नाही, आणि कागद जमा होईपर्यंत प्रेक्षकांनाही गप्प राहायला सांगते. सगळे चुकले तरी निकाल लागतो, हे पहिल्या फेरीआधी मोठ्याने वाचलं जातं.

एक गोष्ट मात्र कार्यकारिणीत अजून वादाची आहे. उत्सवाच्या आधीच्या रविवारी मी अर्धा तास हे गणित सगळ्या इच्छुकांना शिकवते. काहींचं म्हणणं, त्याने गंमत जाते, सगळे हिशेबाने खेळतील तर धक्के बसणार नाहीत. मला ते पटत नाही. ज्याला गणित ठाऊक नाही त्याला पाडून बसलेला धक्का मला नको आहे. सगळ्यांना गणित येत असताना कोण कोणाला ओळखून आहे, तिथे खरी चुरस लागते.

पुढच्या वर्षी शेवटच्या फेरीआधी फळ्यावर होतं: पहिली जोडी २,१००, आबा आणि नात १,६००, तिसरी ७५०. चार मिनिटांनी कागद आले. पहिल्या जोडीने १,१५० लावले, उत्तर बरोबर, ३,२५०. नातीने लावले फक्त ५०. तिचंही उत्तर बरोबर, १,६५०, दुसरा क्रमांक. मागून कोणीतरी ओरडलं, “पन्नासच का गं?” ती फळ्याकडे गेली, खडू उचलला आणि ७५० च्या पुढे १,५०० लिहिलं, त्याच्याखाली स्वतःचे १,५५०.